पुस्तक छापून झालं, आता ग्रंथालयात कसं जाणार? सोलापूरच्या लेखक-प्रकाशकांसाठी आणि ग्रंथपालांसाठी माहिती

आपलं नवं पुस्तक शासनमान्य ग्रंथालयांनी विकत घ्यावं असं वाटत असेल, तर आधी आतलं बारीक अक्षरांचं पान उघडा. प्रकाशक, मुद्रक, मूल्य यांच्या शेजारी ‘प्रथम आवृत्ती’ लिहिलेलं असतं आणि पुढे महिना, वर्ष. बहुतेक लेखक मुखपृष्ठावर महिनाभर डोकं घालवतात आणि ही ओळ छापखान्यावर सोडून देतात. शासनाच्या ग्रंथयादीत पुस्तक विचारात घेतलं जाणार की नाही, हे मात्र याच ओळीवर ठरतं.

आधी थोडी पार्श्वभूमी. राज्यातली सार्वजनिक ग्रंथालयं महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७ खाली चालतात. मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत आणि वर्गाप्रमाणे अनुदान मिळतं. वरचा कारभार मुंबईच्या ग्रंथालय संचालनालयाकडे. सोलापूर पुणे विभागात येतं आणि जिल्ह्याच्या अकराही तालुक्यांतल्या ग्रंथालयांचं काम जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालय बघतं. अनुदानातून पगार, भाडं, वीजबिल, वर्तमानपत्रं भागवून जे उरतं त्यातून पुस्तकं येतात. एखाद्या ‘ड’ वर्गाच्या गावातल्या वाचनालयात हे उरलेलं किती असतं, ते तिथल्या ग्रंथपालालाच विचारा. म्हणून तो यादी बघून, मोजून मापून पुस्तक घेतो.

पहिलं काम आयएसबीएनचं. पुस्तकाचा हा तेरा अंकी ओळख क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन एजन्सी देते. ती केंद्रीय शिक्षण मंत्रालयाखाली आहे, अर्ज ऑनलाइन होतो आणि शुल्क एक रुपयाही नाही. हे मुद्दाम लिहितोय, कारण ‘आयएसबीएन काढून देतो’ म्हणून पैसे घेणारे आपल्याकडेही आहेत. त्यांच्या वेळेचे पैसे द्यायचे तर खुशाल द्या, पण ती सरकारी फी नाही हे माहीत असू द्या. प्रकाशन संस्थेच्या नावाने अर्ज करता येतो, तसा स्वतः पुस्तक काढणाऱ्या लेखकालाही करता येतो. ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, पुस्तकाचं शीर्षकपान आणि मुखपृष्ठ तयार ठेवा. संस्था असेल तर तिच्या नोंदणीचा कागदही लागतो. पुस्तक छापायला जाण्याआधी अर्ज करा, म्हणजे क्रमांक आत आणि मलपृष्ठावर नीट छापता येतो. नंतर स्टिकर चिकटवलेली पुस्तकं फार केविलवाणी दिसतात.

इथे नावांचा एक घोळ नेहमी होतो. सोलापुरात कितीतरी कवितासंग्रह कवीच्याच खर्चाने निघतात आणि ‘प्रकाशक’ या ओळीत पत्नीचं किंवा भावाचं नाव असतं. त्यात गैर काही नाही. पण आयएसबीएनच्या अर्जात एक नाव, पुस्तकावर दुसरं आणि बिलावर तिसरंच, असं झालं की पुढे प्रत्येक ठिकाणी खुलासा करत बसावं लागतं. प्रकाशक कोण, हे एकदा ठरवा आणि सगळीकडे तेच नाव लावा. आणखी एक. आयएसबीएन म्हणजे कॉपीराइट नव्हे. तो फक्त पुस्तकाचा ओळख क्रमांक आहे. लेखकाचा हक्क पुस्तक लिहिल्यापासूनच असतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. मजकूर न बदलता पुनर्मुद्रण केलं तर क्रमांक तोच चालतो. सुधारित आवृत्ती काढली, किंवा त्याच पुस्तकाचं ई-बुक केलं, की नवा घ्यावा लागतो.

तीस दिवसांच्या आत चार प्रती

दुसरा टप्पा कायद्याचा आहे आणि तोच सर्रास विसरला जातो. पुस्तके प्रदान अधिनियम, १९५४ प्रमाणे प्रकाशकाने पुस्तक प्रसिद्ध झाल्यापासून तीस दिवसांत स्वखर्चाने चार ग्रंथालयांना एकेक प्रत पाठवायची असते. ती ग्रंथालयं अशी: कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कॉनेमारा ग्रंथालय, दिल्ली पब्लिक लायब्ररी आणि मुंबईत नगर भवनातलं मध्यवर्ती ग्रंथालय. भाषा कुठलीही असो, कायदा लागू आहे. मराठी पुस्तक चेन्नईला कशाला, असा प्रश्न पडतो खरा, पण तशी सूट नाही.

कायद्यात एक बारकावा आहे. राष्ट्रीय ग्रंथालयाला जाणारी प्रत सर्वांत चांगल्या कागदावरची, पूर्ण बांधलेली हवी. बाकीच्या तिघांना ज्या कागदावर जास्तीत जास्त प्रती निघाल्या त्यातली चालते. म्हणजे पुठ्ठा बांधणी आणि साधी बांधणी अशा दोन्ही काढल्या असतील तर कोलकात्याला पुठ्ठा बांधणीची पाठवा. आणि प्रत मिळाल्याची लेखी पोच देणं ग्रंथालयावर बंधनकारक आहे. ती पोच मागा, मिळाली की फाइलला लावा. पुढे कुणी विचारलं तर हाच एकमेव कागद कामाला येतो.

१८६७ चा मुद्रणालय आणि पुस्तक नोंदणी कायदा आता राहिला नाही. १ मार्च २०२४ पासून त्याच्या जागी नियतकालिकांसाठीचा नवा कायदा आला आणि पुस्तकं त्यातून बाहेर गेली. त्यामुळे ‘आता कुठे काही पाठवावं लागत नाही’ असा समज काही छापखान्यांतून पसरलेला आहे. तो चूक आहे, १९५४ चा कायदा जागच्या जागी आहे.

पाठवण्याच्या खर्चाचंही सांगतो. रजिस्टर बुक पोस्टाची स्वस्त सोय डिसेंबर २०२४ मध्ये टपाल खात्याने बंद केली आणि लहान प्रकाशक हवालदिल झाले. त्यानंतर १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ सुरू झाली. जाहीर झालेले दर ३०० ग्रॅमला २० रुपयांपासून ५ किलोला १०० रुपयांपर्यंत, कर वेगळे. पार्सल रस्त्याने जातं म्हणून वेळ लागतो, पण ट्रॅक करता येतं. अट अशी की पुस्तकावर मुद्रक किंवा प्रकाशकाचं नाव हवं आणि आत जाहिराती नकोत. योजना शैक्षणिक, तसंच सामाजिक, सांस्कृतिक, धार्मिक छापील साहित्यासाठी आहे. तुमची कादंबरी त्यात बसते का, हे पोस्टाच्या खिडकीवरच विचारून घ्या. नाही म्हणाले तर स्पीड पोस्ट आहेच.

शासनमान्य यादी आणि डिसेंबरची गंमत

आता मुख्य मुद्दा. ग्रंथालय संचालनालय दरवर्षी लेखक, प्रकाशक आणि वितरकांना आवाहन करतं. त्या-त्या कॅलेंडर वर्षात प्रकाशित झालेल्या आणि प्रथम आवृत्ती असलेल्या पुस्तकाची एक प्रत विनामूल्य ‘ग्रंथपाल, राज्य मध्यवर्ती ग्रंथालय, नगर भवन, मुंबई’ या पत्त्यावर पाठवायची. ग्रंथ निवड समिती ती पुस्तकं बघते आणि मग शासनमान्य ग्रंथांची यादी निघते. सूचना बहुतेक वेळा वर्ष सरताना किंवा नव्या वर्षाच्या तोंडावर येते आणि मुदत थोडीच असते. ती वर्तमानपत्रात कोपऱ्यात छापून येते आणि संचालनालयाच्या संकेतस्थळावरही असते. कायद्याप्रमाणे मुंबईची प्रत आधीच पाठवली असेल तर तीच चालेल की दुसरी द्यावी लागेल, हे त्या वर्षीच्या सूचनेत वाचा. मजकुरावरून कळलं नाही तर जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयात विचारा.

पात्रतेच्या अटी दोनच, पण दोन्ही कडक. वर्ष तेच हवं आणि आवृत्ती पहिली हवी. म्हणजे २०२५ चं पुस्तक त्या मुदतीत पोचलं नाही, तर पुढच्या वर्षी दुसरी आवृत्ती काढून दार उघडत नाही. वर्ष चुकलं की यादी चुकली.

आता सोलापूरचा हंगाम बघा. दिवाळी झाली की छापखाने मोकळे होतात, लेखक मजकूर घेऊन जातात आणि पुस्तक डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात बाहेर येतं. प्रकाशन समारंभ मात्र गड्ड्याची यात्रा उरकल्यावर, जानेवारीच्या शेवटी. आत छापलेलं असतं ‘प्रथम आवृत्ती : डिसेंबर’. बाइंडरकडून गठ्ठे येईतो, समारंभाची पत्रिका वाटेतो मुदत निघून जाते. पुस्तक जानेवारीतच लोकांच्या हातात पडणार असेल, तर आत जानेवारी आणि नवं वर्ष छापा. मग प्रत पाठवायला अख्खं वर्ष मिळतं. फक्त ती तारीख खरी असू द्या. डिसेंबरात विक्री सुरू करायची आणि पानावर जानेवारी दाखवायचा, हे बरं नव्हे, आणि तीस दिवसांचा कायदाही प्रसिद्धीच्या तारखेपासूनच मोजतो.

पाकिटात प्रतीसोबत एक साधं पत्र घाला. त्यात पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, आवृत्तीचा महिना-वर्ष, पानं, मूल्य, आयएसबीएन, विषय आणि तुमचा फोन. ‘विषय’ नीट लिहा. ललित, कविता, बालसाहित्य, कृषी, काय असेल ते. नुसतं ‘साहित्य’ लिहिलं की वाचणाऱ्याला काहीच कळत नाही.

आणि एक भ्रम दूर करतो. यादीत नाव आलं म्हणजे शासनाने हजार प्रती घेतल्या, असं होत नाही. यादी ही शिफारस आहे. विकत घेतं ते प्रत्येक ग्रंथालय, स्वतःच्या अनुदानातून, स्वतःच्या समितीच्या ठरावाने. त्यामुळे यादी लागल्यावरही प्रकाशकाला ग्रंथालयांपर्यंत जावंच लागतं. जिल्ह्यात दरवर्षी होणारा ग्रंथोत्सव त्यासाठी बरा. तालुक्यातालुक्यातले ग्रंथपाल एका ठिकाणी भेटतात. तिथे भेटप्रती वाटण्यापेक्षा सूट, बिलाचा नमुना आणि यादीतला क्रमांक असलेलं एक पानी पत्रक द्या. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, तेव्हा बिल साधंच असतं.

ग्रंथपालाच्या बाजूने

ग्रंथखरेदीचा कागदोपत्री मार्ग ठरलेला आहे: ग्रंथ निवडीची बैठक, ठराव, दरपत्रकं, बिल, मग दाखल नोंदवहीत एकेक नोंद आणि पुस्तकावर शिक्का, दाखल क्रमांक. तपासणीला येणारे आधी हीच नोंदवही उघडतात. अडचण कागदांची नसून वेळेची आहे. अनुदानाचा हप्ता उशिरा येतो, मार्चअखेर डोक्यावर असते आणि विक्रेता जो तयार गठ्ठा देईल तो घेतला जातो. त्या गठ्ठ्यात मग तीच ती चरित्रं, व्यक्तिमत्त्व विकासाची तीच पुस्तकं. यावर एकच उपाय मला दिसतो. देवघेवीच्या टेबलावर एक वही ठेवायची, वाचकाने मागितलेलं आणि न मिळालेलं पुस्तक त्यात लिहायचं, आणि निवडीच्या बैठकीत यादीबरोबर ही वहीही समोर ठेवायची. पैसे आले की निवड तयार असते.

सोलापुरात यादीवर पूर्ण विसंबून चालत नाही, याचं कारण भाषा. संचालनालयाच्या आवाहनात मराठी, हिंदी, इंग्रजी पुस्तकं येतात. इथे पूर्व भागात विणकरांच्या घरांत तेलुगू बोलली जाते, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडे कन्नड, आणि उर्दू वाचणारेही मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्यासाठी चार-दोन पुस्तकं मुद्दाम ठराव करून घ्यावीत, विशेषतः मुलांची. पुरस्कारांच्या बातम्यांवरही लक्ष ठेवा, कारण बातमीनंतर पंधरा दिवसांत वाचक विचारत येतात. २०२४ चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार तुळजापूरच्या देविदास सौदागरांच्या ‘उसवण’ला मिळाला. शिवणकाम करणाऱ्या माणसाची ही कादंबरी कापडाच्या या गावात मागितली जाणारच. जे ग्रंथालय आपल्या शेजारचा लेखक ठेवत नाही, त्याने परगावच्या गठ्ठ्यांवर पैसे घालवू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

अनुदान अपुरं पडत असेल तर कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या योजना आहेत. हे प्रतिष्ठान १९७२ पासून काम करतं आणि केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाखाली येतं. ‘समान निधी’मध्ये राज्याचाही वाटा असतो, ‘असमान निधी’मध्ये प्रतिष्ठान स्वतः मदत करतं. ग्रंथ, फर्निचर, साधनसामग्री, इमारत, बाल विभाग, सुवर्ण किंवा शतक महोत्सव अशा कारणांसाठी प्रस्ताव मागवले जातात. नोंदणी प्रमाणपत्रं, लेखापरीक्षण अहवाल, कार्यकारिणीचा ठराव हे कागद आधीपासून एका फाइलमध्ये असू द्या. नमुना दरवर्षीच्या सूचनेतलाच घ्या, जुना वापरू नका. आतापर्यंतच्या सूचनांप्रमाणे प्रस्ताव चार प्रतींत जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयातच द्यायचा असतो, परस्पर कोलकात्याला पाठवून उपयोग नाही. आणि तो इंग्रजीत किंवा हिंदीत लागतो. कार्यकारिणीचा ठराव मराठीत असेल तर त्याचं भाषांतर अध्यक्ष-सचिवांच्या सहीशिक्क्यासह आधीच करून ठेवा, कारण शेवटच्या दिवशी सही करणारे अध्यक्ष गावाला गेलेले असतात.