सागरी गर्ता आणि सागरी घळई: दिसायला सारख्या, जन्माने वेगळ्या

समुद्रतळाच्या नकाशावर गडद निळ्या रंगाची अरुंद पट्टी दिसली की बहुतेक जण तिला गर्ता म्हणून मोकळे होतात. पण त्या पट्ट्यांमध्ये बऱ्याचदा घळया असतात. दोन्ही लांबट, दोन्ही खोल, दोन्ही पाण्याखाली, त्यामुळे गल्लत होते. ही गल्लत मला खटकते, कारण गर्ता म्हणजे पृथ्वीचं कवच जिथे वाकून खाली जातं ती जागा, आणि घळई म्हणजे कवचावर वरून कोरलेली वाट.

फरक ओळखायला सर्वांत सोपी खूण आहे दिशा. गर्ता किनाऱ्याला किंवा बेटांच्या रांगेला समांतर धावते. दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याजवळची पेरू-चिली गर्ता पाहा: सुमारे ५,९०० किलोमीटर ती किनाऱ्याची सोबत सोडत नाही. घळई मात्र किनाऱ्याकडून खोल समुद्राकडे निघते. भूखंडमंच (किनाऱ्यालगतचा उथळ, सपाट तळ) चिरत, खंडान्त उतारावरून (त्या मंचापुढच्या उतारावरून) ती खाली उतरते. कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे घळईचं तोंड तर अगदी किनाऱ्यालगत आहे आणि तिच्या भिंती काही ठिकाणी सुमारे १,७०० मीटर उंच आहेत.

खोलीवरून निवाडा करायला जाल तर फसाल. जगातला सर्वांत खोल बिंदू, चॅलेंजर डीप, मारियाना गर्तेत आहे आणि तो १०,९०० मीटरहून खोल आहे, हे खरं. तिथे पॅसिफिक भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा एक प्रचंड सरकता तुकडा, दुसऱ्या भूपट्टाखाली सरकतो. तो इतका खोल जातो याचं एक कारण त्याचं वय: सुमारे १५ कोटी वर्षांत तो थंड आणि जड झाला आहे. पण सगळ्याच गर्ता अशा नसतात. न्यूझीलंडच्या पूर्वेला हिकुरांगी नावाची गर्ता गाळाने इतकी भरली आहे की तिचा तळ सुमारे ३,००० मीटरवरच लागतो. भूपट्ट तिथेही खाली जातोच आहे. उलट बेरिंग समुद्रातली झेमचुग घळई तिच्या काठापासून सुमारे २,६०० मीटर खोल कोरली गेली आहे.

उताराच्या बाबतीत पुस्तकांतल्या आकृत्या दिशाभूल करतात. कागदावर मावावं म्हणून उंची ताणून दाखवलेली असते, त्यामुळे गर्ता कड्यांमधली भेग वाटते. प्रत्यक्षात ती खूप रुंद असते आणि खाली जाणाऱ्या भूपट्टाकडचा तिचा उतार जेमतेम काही अंशांचा असतो. ताठ, कधी जवळजवळ उभे कडे पाहायचे तर ते घळईत.

या घळया कोरल्या कोणी, हे कोडं बराच काळ सुटत नव्हतं. हिमयुगात समुद्रपातळी सुमारे १२० मीटर खाली होती, तेव्हा नद्यांनी त्या कोरल्या असतील, असं म्हणता येत होतं. काही घळयांची वरची टोकं तशी असतीलही. पण हजारो मीटर खोलीवर कोणती नदी पोचणार? भूवैज्ञानिक रेजिनाल्ड डेली यांनी १९३६ मध्ये उत्तर सुचवलं: गाळाने जड झालेलं पाणी उतारावरून लोटासारखं सुटतं आणि तळ खरवडत जातं.

हे किती खरं आहे, ते तारांनी सांगितलं. १८ नोव्हेंबर १९२९ रोजी न्यूफाउंडलंडच्या दक्षिणेला समुद्राखाली भूकंप झाला. केंद्राजवळच्या टेलिग्राफच्या तारा लगेच तुटल्या. पण उताराच्या खालच्या बाजूच्या तारा नंतरचे कित्येक तास एकामागून एक, क्रमाने तुटत गेल्या. प्रत्येक तार तुटल्याची वेळ नोंदलेली होती. ब्रूस हीझेन आणि मॉरिस युइंग या समुद्रतळाच्या अभ्यासकांनी १९५२ मध्ये त्या वेळा आणि अंतरं जुळवली आणि काहीतरी प्रचंड वेगाने उतारावरून खाली गेलं होतं, हे दाखवून दिलं. तोच तो गाळप्रवाह. या विषयातला इतका देखणा पुरावा मला दुसरा माहीत नाही. तारा टाकणाऱ्यांनी तो नकळत जमवला होता. २०२० मध्ये काँगो घळईतून असाच प्रवाह १,१०० किलोमीटरहून जास्त अंतर गेला आणि त्यानेही समुद्राखालच्या दूरसंचार तारा तोडल्या.

म्हणजे घळई ही वाहतुकीची वाट. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या त्रिभुज प्रदेशासमोर बंगालच्या उपसागरात ‘स्वॉच ऑफ नो ग्राउंड’ नावाची घळई आहे. हिमालयाची झीज तिच्यातून खोल समुद्रात उतरते आणि सुमारे ३,००० किलोमीटर लांबीच्या, पंख्यासारख्या पसरलेल्या गाळाच्या थरावर पसरते. गर्तेतही गाळ आणि मृत जीवांचे अवशेष साचतात, पण तिथे मुख्य हालचाल खालच्या खडकाची असते. भूपट्ट अडकतात, ताण साठतो आणि सुटतो. २६ डिसेंबर २००४ ची त्सुनामी सुंदा गर्तेलगतच्या अशाच सरकण्यातून उठली.

दोघींची गाठ पडते तिथे ही ओळख पक्की होते. न्यूझीलंडमध्ये किनाऱ्याला अगदी खेटून कायकोउरा घळई आहे. तिच्या खोल पाण्यात खाद्य भरपूर, म्हणून स्पर्म व्हेल किनाऱ्याच्या इतक्या जवळ येतात. नोव्हेंबर २०१६ च्या भूकंपात या घळईतला गाळ सुटला आणि हिकुरांगीतल्या प्रवाहमार्गाने ६८० किलोमीटरहून दूर गेला. हिकुरांगी उथळ का, याचं एक उत्तर असल्या घळयांत आहे: भूपट्ट खाली जातो त्यापेक्षा जास्त वेगाने त्या तिच्यात माती आणून ओततात.