फ्रीजमधली बाटली आन् रानातली बीटी

आमच्या फ्रीजच्या दारात दादांची इन्सुलिनची बाटली असते, तिच्यावर बारीक अक्षरात आर-डीएनए ओरिजिन छापलंय, मी कैक वर्षं ते वाचलंच नव्हतं. म्हंजे माणसाचा इन्सुलिनचा जीन (ते कसं बनवायचं हे सांगणारा डीएनएचा तुकडा) सूक्ष्मजीवात घालून त्याच्याकडून बनवून घेतलेलं. त्याआधी डुकराच्या नायतर गाईच्या स्वादुपिंडातून काढायचे (दादा माळकरी, त्या काळात अवघडच झालं असतं). 1973 ला कोहेन आणि बॉयर यांनी बाहेरचा जीन जिवाणूत चालवून दाखवला, 1978 ला बॉयरच्या जेनेन्टेक कंपनीत ई. कोलाय या जिवाणूकडून मानवी इन्सुलिन करून घेतलं आणि 1982 ला अमेरिकेत मंजुरीबी मिळाली.

तिकडं आनंद मोहन चक्रवर्ती म्हणून आपला बंगाली माणूस जनरल इलेक्ट्रिकमध्ये तेल खाणारा स्युडोमोनास नावाचा जिवाणू करत होता. तेलातले वेगवेगळे घटक पचवणारे प्लास्मिड (जिवाणूतली डीएनएची सुटी कडी) वेगवेगळ्या जिवाणूंत होते, त्यानं ते एकात आणले, जीनची कापाकापी न करता. पेटंटची केस पार अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गेली, 1980 ला 5 विरुद्ध 4 नं जिंकली. माणसानं घडवलेल्या सजीवावर पेटंट मिळतं हे तिथं ठरलं, आणि गंमत म्हंजे तो जिवाणू समुद्रात कधी सोडलाच नाही.

आपल्याकडं हे सगळं आलं ते कापसातून. जालन्यात बद्रीनारायण बारवाल्यांनी 1964 ला काढलेली महिको, तिचं बीटी बियाणं मार्च 2002 ला मंजूर झालं. जीन मातीतल्या बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूचा, त्यावरनंच बीटी, जपानमध्ये 1901 ला रेशमाच्या अळ्या मरत होत्या तेव्हा तो पहिल्यांदा सापडला. त्याचं प्रोटीन बोंडअळीच्या पोटात गेलं की आतड्याला भोकं पाडतं, माणसाच्या आतड्यात ते चिकटायलाच जागा नाही.

पहिली काही वर्षं फवारणी खरंच कमी झाली. 2006 ला दोन जीनवालं आलं. मग 2017 ला गुलाबी बोंडअळीनं बोंडं आतून पोखरली, वरून हिरवीगार आणि फोडलं की किडकी कवडी, म्हंजे नीट न फुटलेला डागाळ कापूस. तिला बीटी पचायला लागलं होतं. त्यावर उपाय पहिल्यापासून पाकिटातच होता, 450 ग्रॅम बीटीसोबत 120 ग्रॅम साधी सरकी, ती कडंनं लावायची म्हंजे तिच्यावर वाढलेले साधे पतंग बीटीतून वाचलेल्या पतंगांशी जुळतात आणि पुढची पिढी बीटीनं मरते. आमच्याकडं ती कोण लावतंय, कडंच्या तासात तूर असायची. त्या पुड्या गोठ्यातल्या कोनाड्यात पडून, अर्ध्या उंदरांनी फोडलेल्या.