दाखल्याच्या प्रतिज्ञापत्राला ५०० रुपयांचा स्टॅम्प पेपर लागत नाही

दहावी-बारावीचे निकाल लागले की तहसील कचेरीबाहेरच्या टेबलांभोवती पालकांची गर्दी होते आणि तिथे एकच वाक्य ऐकू येते: ‘आधी स्टॅम्प पेपर आणा.’ जात, उत्पन्न, रहिवास किंवा राष्ट्रीयत्वाच्या दाखल्यासाठी प्रतिज्ञापत्र मुद्रांकावरच करावे लागते, हा समज वर्षानुवर्षे टिकून आहे. तो चुकीचा आहे. राज्य शासनाने १ जुलै २००४ च्या आदेशानेच या दाखल्यांसाठी शासकीय कार्यालयांत, तसेच न्यायालयांसमोर, सादर करावयाच्या प्रतिज्ञापत्रांवरील मुद्रांक शुल्क माफ केलेले आहे. म्हणजे हा मजकूर साध्या कोऱ्या कागदावर लिहून सक्षम अधिकाऱ्यासमोर सही केली तरी चालते.

गोंधळ वाढला तो ऑक्टोबर २०२४ मध्ये, जेव्हा अनेक दस्तांवरचे किमान मुद्रांक शुल्क १०० रुपयांवरून ५०० रुपये झाले. दर वाढला, माफी मात्र उठली नव्हती. पण शंभराच्या जागी पाचशेचा कागद मागण्याची सवय तेवढी लगेच रुळली. अखेर मार्च २०२५ मध्ये महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांना ही माफी पुन्हा जाहीर करावी लागली, यावरून जुना आदेश खिडकीपर्यंत कितपत पोहोचला होता ते दिसतेच.

नोटरीकडे गेल्यास त्याचे शुल्क वेगळे द्यावे लागते. खासगी करारनामे या माफीत बसत नाहीत, त्यांना मुद्रांक लागतोच.