किल्ली नको, गेटपास द्या

नागपूरच्या इतवारीतल्या एका धान्याच्या पेढीवरून सकाळीच फोन आला. काकांची मेल उघडत नव्हती. जाऊन पाहतो तर आउटलुक या मेलच्या प्रोग्रॅमची पासवर्ड विचारणारी चौकट पुन्हा पुन्हा वर येत होती. काकांनी वहीचं शेवटचं पान काढलं आणि पासवर्डच्या एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचून दाखवलं. मी टाइप केलं. चौकट परत हजर.

"कालपर्यंत तर चालत होता ना बाबू," काका म्हणाले. "रातोरात कसा काय बिघडला?"

पासवर्ड अगदी बरोबर होता. बदलली होती ती ओळख पटवायची रीत. मेल सेवेनं नुसत्या पासवर्डची जुनी रीत बंद केली होती आणि काकांचं आउटलुक २०१० सालचं, त्याला नवी रीत येतच नाही. आउटलुक २०१३ ला ती थोड्या खटपटीनं शिकवता येते, २०१६ पासून ती आतच असते.

मेल पाठवण्याचे नियम, म्हणजे एसएमटीपी, जॉन पोस्टेल यांनी १९८२ मध्ये लिहिले. पाठवणारा कोण, हे तपासायची सोय त्यात नव्हती. तेव्हाच्या नेटवर्कवर मोजकी विद्यापीठं आणि संशोधन संस्था, त्यामुळे कोणाला ती उणीव बोचली नाही. ती सोय १९९९ मध्ये जोडली गेली. तिचा एक सर्रास वापरला जाणारा प्रकार पाहा: सर्व्हर, म्हणजे मेल सेवेचा संगणक, ३३४ हा आकडा पाठवून नाव विचारतो, प्रोग्रॅम नाव देतो. पुन्हा ३३४, आता पासवर्ड. जुळला तर २३५, नाही जुळला तर ५३५. झालं बोलणं.

हा पासवर्ड बेस६४ नावाच्या रूपात जातो आणि बघणाऱ्याला तो कुलूपबंद वाटतो. तसं काही नसतं. समजा, इंग्रजी लिपीत 'मन' लिहिलं: धाकटे एम, ए, एन. प्रत्येक अक्षराचे संगणकाच्या लेखी ८ बिट, म्हणजे ० किंवा १ असे आठ अंक, एकूण २४. त्यांचे सहा-सहाचे चार गट पाडायचे आणि प्रत्येक गटाला ६४ चिन्हांच्या ठरलेल्या तक्त्यातलं एक चिन्ह द्यायचं. 'मन'चं होतं धाकटा बी, मोठा डब्ल्यू, मोठा एफ, धाकटा यू. तक्ता जगजाहीर आहे, त्यामुळे शाळकरी मुलगाही हे उलटं फिरवू शकतो. हल्ली हे बोलणं टीएलएस या, मजकूर गुप्त ठेवणाऱ्या, आवरणातून होतं, म्हणून वाटेत कोणी चोरून वाचायची भीती बरीच कमी झाली आहे. पण खरा धोका वाटेत नव्हताच.

सर्व्हर आणि प्रोग्रॅमचा वरचा संवाद पुन्हा वाचा. त्यात ओटीपी विचारायला जागाच नाही. तुम्ही खात्याला दोन टप्प्यांची तपासणी लावलीत तरी हे जुनं दार नुसत्या पासवर्डवर उघडत राहू शकतं. चोरांनी हे कधीच ओळखलं. एकाच खात्यावर हजार पासवर्ड मारून पाहिले तर खातं लॉक होतं, म्हणून ते एकच सोपा पासवर्ड हजार खात्यांवर मारतात. मायक्रोसॉफ्टच्या म्हणण्यानुसार अशा हल्ल्यांपैकी ९९ टक्क्यांहून जास्त हल्ले जुन्या रीतीच्या दारांवरच होत होते.

शिवाय या किल्लीच्या, म्हणजे पासवर्डच्या, किती नकला? काकांचा तोच पासवर्ड बिलं पाठवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये होता, स्कॅनरमध्ये होता, मुनीमजींच्या मोबाइलमध्ये होता. यांतलं एक जरी फुटलं तरी सगळी मेल उघडी.

नवी रीत काकांना मी त्यांच्याच धंद्यातून सांगितली. गोदामातून माल उचलायला आलेल्या ड्रायव्हरला आपण किल्ली देतो का? गेटपास देतो. गाडी नंबर, किती पोती, आजची तारीख. ओऑथ २.० हेच करतं. त्याचे नियम ऑक्टोबर २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. मेलचा प्रोग्रॅम आता तुमच्याकडून पासवर्ड घेत नाही. तो तुम्हाला मेल सेवेच्या स्वतःच्या पानावर नेतो. पासवर्ड तिथे, ओटीपीही तिथेच. तपासणी झाली की सेवा प्रोग्रॅमच्या हाती एक टोकन ठेवते: या प्रोग्रॅमला, एवढ्याच कामासाठी, एवढाच वेळ. हा वेळ बहुतेकदा तासाभराचा असतो. सोबत दुसरं, जास्त टिकणारं टोकन मिळतं, ते दाखवून प्रोग्रॅम गुपचूप नवा गेटपास आणतो. म्हणून आपल्याला दर तासाला काही टाइप करावं लागत नाही.

गूगलनं साध्या जीमेल खात्यांसाठी नुसत्या पासवर्डची वाट ३० मे २०२२ पासून बंद करायला घेतली. मायक्रोसॉफ्टनं एक्सचेंज ऑनलाइन या कंपन्यांसाठीच्या मेल सेवेवर १ ऑक्टोबर २०२२ पासून, मात्र एसएमटीपीनं मेल पाठवण्याची वाट तेव्हा वगळली. मला हा बदल मनापासून पटतो. पण लहान दुकानदाराला तो नीट समजावून सांगायला कोणी येत नाही आणि एका सकाळी त्याची बिलं अडकतात, याचं वाईट वाटतं.

गेटपासही फसवून घेता येतो, हे काकांना बजावलं. एखादं परकं ॲप 'तुमची मेल वाचू द्या' म्हणत परवानगीचं पान पुढे करतं आणि आपण घाईत 'मान्य' दाबतो. तिथे पासवर्ड चोरीला जात नाही, मेल मात्र जाते. ते पान थांबून वाचायचं. खोट्या पानावर ओटीपीही काढून घेता येतो. पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी मोबाइलमध्ये किंवा संगणकात साठवलेली डिजिटल किल्ली, त्या बाबतीत पक्की, कारण ती खऱ्या पत्त्यालाच बांधलेली असते, भलत्या पत्त्यावर चालतच नाही.

अडून बसला तो स्कॅनर. त्याच्या बोटभर पडद्यावर वेबपान उघडणार कसं? अशा यंत्रांसाठीही सोय आहे: यंत्र छोटा कोड दाखवतं, तो आपण मोबाइलवर जाऊन भरायचा. काकांच्या जुन्या यंत्राला ते येत नव्हतं, म्हणून स्कॅन मेलनं पाठवणं बंद करून थेट काउंटरवरच्या संगणकाच्या एका फोल्डरमध्ये टाकायला लावलं.

नवं आउटलुक सुरू झालं. मग खात्याच्या सुरक्षेच्या पानावर, कोणकोणत्या उपकरणांकडे गेटपास आहेत ती यादी काढली. काउंटरचा संगणक, काकांचा मोबाइल, मुनीमजींचा मोबाइल. आणि चौथा एक.

काका चष्मा सावरत पडद्याजवळ आले. "हा तर त्या पोराचा फोन. दोन वर्षं झाली त्याला काम सोडून."

"काढू?" मी विचारलं.

काकांनी माऊस स्वतःच्या हातात घेतला. ती ओळ गेली आणि बाकीची तिन्ही उपकरणं चालूच राहिली.