प्रायोगिक मानसशास्त्राची सुरुवात

मनाचं काम प्रयोग करून आणि मोजून तपासायचं हे शास्त्र. सुरुवात म्हणून सगळीकडे 1879 साल दिलेलं असतं, त्या वर्षी विल्हेल्म वुंट यांनी जर्मनीत लाइपझिग युनिव्हर्सिटीत लॅब सुरू केली, ते बरोबरच आहे, पण माझ्या मते मूळ गोष्ट त्याच्या बरीच आधीची आहे आणि ती वेळ मोजण्याची आहे.

1796 मधे इंग्लंडमधल्या ग्रिनिचच्या वेधशाळेचे प्रमुख मॅस्केलिन यांनी किनब्रुक नावाच्या असिस्टंटला कामावरून काढलं. का, तर तारा दुर्बिणीतली तार ओलांडतो ती वेळ घड्याळाचे ठोके ऐकत टिपायची असे, आणि ती तो मॅस्केलिनपेक्षा जवळपास 0.8 सेकंद उशिरा नोंदवायचा. पुढे बेसेल या जर्मन खगोलशास्त्रज्ञाने बाकीच्या मुरलेल्या निरीक्षकांचे आकडे ताडून पाहिले तर त्यांच्यातही असाच फरक निघाला, म्हणजे त्या बिचाऱ्याची नोकरी गेली ती निष्काळजीपणामुळे नाही, बघणं आणि ऐकणं एकाच वेळी जुळवायला प्रत्येकाला वेगवेगळा वेळ लागतो म्हणून.

मग 1850 च्या सुमारास हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने बेडकाच्या नसेतून संदेश किती वेगाने जातो ते मोजलं, सेकंदाला साधारण 30 मीटर, आणि हा वेग मोजताच येणार नाही असं त्याचेच गुरू म्युलर मानत होते! 1860 मधे फेश्नर या जर्मन शास्त्रज्ञाने वजन, प्रकाश अशा संवेदनांचं गणित मांडलं, तेही महत्त्वाचं.

पण मला सगळ्यात भारी वाटतं ते डच डॉक्टर डोंडर्स यांचं 1868 चं काम. आधी ठरलेला एकच आवाज ऐकून तो लगेच परत म्हणायचा, त्याची वेळ घ्यायची, मग अनेक आवाजांपैकी कुठलाही येईल असं सांगायचं आणि जो येईल तो ओळखून म्हणायचा, त्याची वेळ घ्यायची. दुसऱ्यातून पहिली वजा केली की उरतो तो ओळखायला आणि निवडायला लागलेला वेळ. साधी वजाबाकी, पण विचाराला लागणारा वेळ आकड्यात आला.

वुंटच्या लॅबमधे हेच पुढे चाललं, सेकंदाचा हजारावा भाग दाखवणारं हिपचं घड्याळ वापरून, आणि प्रयोग स्वतः विद्यार्थ्यांवरच व्हायचे. तिथे शिकलेल्यांनी हे काम देशोदेशी नेलं. त्यातले म्युन्स्टरबर्ग हार्वर्डला गेले, त्यांच्याकडे शिकलेल्या नरेंद्रनाथ सेनगुप्ता यांच्या हाताखाली 1916 मधे कलकत्ता युनिव्हर्सिटीत भारतातला पहिला मानसशास्त्र विभाग सुरू झाला.