सिनेटर म्हणजे आमदार की खासदार?

नागपूरच्या स्वाती दांडेकर अमेरिकेत निवडून आल्या, तेव्हापासून एक वाक्य मी लग्नसमारंभात, फोनवर, व्हॉट्सअ‍ॅपवर ऐकत आलेय : 'आपली मराठी बाई अमेरिकेची सिनेटर झाली.' यातला अभिमान शंभर टक्के खरा आहे. 'अमेरिकेची' हा शब्द मात्र चुकला. दांडेकर आयोवा या राज्याच्या सिनेटर, म्हणजे तिथल्या वरिष्ठ सभागृहाच्या सदस्य होत्या. अमेरिकेचे सिनेटर देशाच्या राजधानीत, वॉशिंग्टनमध्ये बसतात आणि ते सगळ्या देशात मिळून फक्त १०० आहेत, प्रत्येक राज्याचे दोन. राज्यांच्या सिनेटर्सची गोळाबेरीज केली तर आकडा दोन हजारांच्या आसपास जातो.

खरं तर मराठीत हा घोळ व्हायलाच नको. आपल्याकडे आमदार आणि खासदार असे दोन स्वच्छ शब्द आहेत. इंग्रजीत दोघांनाही सिनेटरच म्हणतात, बातमी मराठीत आणताना तो शब्द तसाच उचलला जातो आणि वाचणाऱ्याला कळत नाही की बाई नेमक्या कुठल्या सभागृहात बसतात. राज्याची सिनेटर असेल तर सरळ आमदार लिहावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

दोन्ही सिनेटर शेजारी शेजारी बघायचे असतील तर नोव्हेंबर २००८ मधली आयोवातल्या मॅरियन शहराची मतपत्रिका आठवावी. सगळ्यात वर राष्ट्राध्यक्षपद, ओबामा आणि मॅकेन. त्याखाली अमेरिकेचं सिनेट, तिथे टॉम हार्किन पुन्हा उभे होते. मग अमेरिकेच्या हाऊसची, म्हणजे कनिष्ठ सभागृहाची जागा. आणि त्यानंतर राज्याचं सिनेट, तिथे स्वाती दांडेकर. नावापुढचा लंबगोल पेनने भरायचा, एकाच कागदावर दोनदा 'सिनेटर'. हार्किन यांना निवडणारं अख्खं राज्य, म्हणजे तीस लाख लोकसंख्या. दांडेकरांचा मतदारसंघ राज्याच्या पन्नास तुकड्यांपैकी एक, जेमतेम साठ हजार वस्तीचा. हार्किन सहा वर्षांसाठी निवडून गेले, दांडेकर चार वर्षांसाठी.

फरक पगारातही दिसतो. वॉशिंग्टनच्या सिनेटरला वर्षाला १,७४,००० डॉलर मिळतात, आयोवाच्या आमदाराला २५,०००. त्यात घर चालत नाही आणि चालावं अशी अपेक्षाही नाही. अधिवेशन जानेवारीच्या दुसऱ्या सोमवारी राज्याच्या राजधानीत, डे मॉईनमध्ये सुरू होतं आणि साधारण वसंतात संपतं. उरलेलं वर्ष कुणी शेती करतं, कुणी वकिली, कुणी दुकान सांभाळतं. टेक्सासमध्ये नियमित अधिवेशन एक वर्षाआड भरतं, तेही फार तर १४० दिवस. न्यू हॅम्पशायरच्या कनिष्ठ सभागृहात ४०० सदस्य आहेत आणि मानधन वर्षाला १०० डॉलर! उलट कॅलिफोर्नियात राज्याचे सिनेटर फक्त ४०, एकेकाच्या मागे दहा लाखांच्या घरात लोक. वॉशिंग्टनच्या हाऊसमधल्या सदस्याचा मतदारसंघसुद्धा साधारणपणे त्याहून लहान असतो. त्यामुळे 'राज्याचा म्हणजे छोटा' हे समीकरणही डोळे मिटून लावता येत नाही.

आणि कामाच्या बाबतीत तर मुळीच नाही. तुमच्या भाच्याचा एच-१बी व्हिसा अडकला असेल तर राज्याचा सिनेटर काही करू शकत नाही. व्हिसा, परराष्ट्र करार, आयात शुल्क, सुप्रीम कोर्टाच्या न्यायाधीशांना मंजुरी हे सगळं वॉशिंग्टनचं. पण त्याच भाच्याच्या मुलीच्या शाळेला दर विद्यार्थ्यामागे किती पैसे मिळणार, वाहन परवाना कसा मिळणार, खुनाच्या आरोपीवर कुठल्या कायद्याने खटला चालणार, हे राज्याच्या राजधानीत ठरतं. ओबामा १९९७ ते २००४ इलिनॉय राज्याच्या सिनेटमध्ये होते. तिथे त्यांनी खुनाच्या प्रकरणातल्या पोलिसी चौकशीचं रेकॉर्डिंग सक्तीचं करणारा कायदा २००३ मध्ये मंजूर करून घेतला. पोलीस, सरकारी वकील, बचावाचे वकील सगळ्यांशी बोलून घडवलेलं ते काम होतं. जबरदस्तीने वदवून घेतलेल्या कबुलीजबाबांचा प्रश्न तिथे पेटलेला होता, म्हणून मला ते फार मोलाचं वाटतं. २००५ मध्ये ते अमेरिकेचे सिनेटर झाले. म्हणजे 'सिनेटर ओबामा' हे दोन वेगळ्या नोकऱ्यांचं नाव आहे.

दोन्ही सिनेटांचं नातं एके काळी फार जवळचं होतं. आपले आमदार राज्यसभेचे खासदार निवडतात, तसंच १९१३ पर्यंत तिथली राज्य विधिमंडळं अमेरिकेचे सिनेटर निवडायची. १८५८ मध्ये अमेरिकेच्या सिनेटच्या जागेसाठी अब्राहम लिंकन आणि त्यांचे प्रतिस्पर्धी स्टीफन डग्लस गावोगाव वादविवाद करत फिरले, पण डग्लस यांना जागा दिली ती इलिनॉयच्या विधिमंडळाने. सतराव्या घटनादुरुस्तीनंतर ही निवड थेट जनतेकडे गेली.

हाऊसचीही तीच गत. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार आधी मिशिगन राज्याच्या हाऊसमध्ये होते, म्हणजे तिथल्या राजधानीत, लॅन्सिंगला. जानेवारी २०२३ पासून ते वॉशिंग्टनच्या हाऊसमध्ये आहेत. दोन्ही वेळा शब्द हाऊसच. आपल्या भाषेत सांगायचं तर आमदार होते, खासदार झाले.

दांडेकरांची वाट वेगळी. त्या आल्या शाळा मंडळातून, आणि शाळांचा पैसा जिथे ठरतो तिथेच पोहोचल्या. २००३ पासून राज्याच्या हाऊसमध्ये, २००९ पासून सिनेटमध्ये. २०११ मध्ये गव्हर्नरांनी त्यांना वीज-गॅसवर देखरेख करणाऱ्या राज्य मंडळावर नेमलं आणि त्यांनी जागा सोडली. तेव्हा त्यांच्या पक्षाकडे सिनेट होतं २६ विरुद्ध २४ असं. एक जागा रिकामी झाल्याबरोबर सगळ्या आयोवाचं लक्ष त्या पोटनिवडणुकीकडे लागलं. पक्षाने ती राखली. २०१४ मध्ये त्यांनी वॉशिंग्टनच्या हाऊससाठी प्रयत्न केला, पण पक्षांतर्गत निवडणुकीतच हरल्या. पुढे ओबामांनी त्यांचं नाव आशियाई विकास बँकेवरच्या अमेरिकेच्या संचालकपदासाठी सुचवलं. त्याला २०१६ मध्ये मंजुरी दिली ती अमेरिकेच्या सिनेटने.