घट्ट धरायचं, पण सोडायचं कधी?

पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं की आज्जी तुरटीचा खडा घेऊन हंड्यात चार-पाच वेळा गोल फिरवायची आणि तासाभराने बघितलं तर गाळ सगळा तळाला. मातीच्या बारीक कणांवर निगेटिव्ह चार्ज असतो, त्यामुळे ते एकमेकांना ढकलत पाण्यात तरंगत राहतात, तुरटीतलं ॲल्युमिनियम पॉझिटिव्ह, ते हा चार्ज मारून टाकतं, मग कण एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि खाली बसतात. पेशीत बाहेरून जीन घालायची एक पद्धत आहे, तिची सुरुवात याच तत्त्वावर होते म्हणून आधी हंडा काढला.

डीएनए म्हणजे निगेटिव्ह चार्जचा लांबलचक दोरा. त्याची शिडी धरली तर दर पायरीला दोन निगेटिव्ह फॉस्फेट. पाच हजार पायऱ्यांचं साधं प्लाझ्मिड (डीएनएचं गोल कडं) मोजलं तर १.७ मायक्रॉन (१७०० नॅनोमीटर) भरतं, आणि पेशीने ते गिळायला हवं असेल तर गोळा साधारण १०० नॅनोमीटरचा पाहिजे, म्हणजे नऊवारी काडेपेटीत कोंबायची. त्यात पेशीचं बाहेरचं पटलही निगेटिव्ह, त्यामुळे नुसता डीएनए पेशींवर ओतून काही होत नाही, आणि रक्तात सोडला तर तिथली एन्झाइम्स त्याचे तुकडे करतात.

मग त्यात पॉझिटिव्ह पॉलिमर (साखळीसारखा लांब रेणू) मिसळायचा, तुरटीसारखाच तो चार्ज मारतो आणि डीएनए आवळून गोळा होतो. १९८७ मध्ये पॉलिलायसिन नावाचा असाच पॉलिमर वापरून झालं होतं, पण खरं नाव झालं पॉलिइथिलिनइमाइनचं, लॅबमध्ये सगळे पीईआय म्हणतात. हे काही औषधाच्या दुनियेतलं नाही हां, कागद कारखान्यात लगद्यातले बारीक तंतू धरून ठेवायला आणि सांडपाणी साफ करायला वापरतात, म्हणजे तुरटीचाच भाऊबंद. १९९५ मध्ये फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गच्या ज्याँ-पॉल बेर यांच्या ग्रुपने ते डीएनए पोचवायला वापरून दाखवलं.

करायला एकदम सोपं. एका ट्यूबमध्ये डीएनए, दुसरीत पीईआय, दोन्ही एकत्र करून हलवायचं आणि पंधरा-वीस मिनिटं टेबलावर तसंच ठेवायचं. डोळ्याला काहीही दिसत नाही, पाणी ते पाणीच. मग थेंब थेंब पेशींवर सोडायचं, आणि जीन चमकणाऱ्या हिरव्या प्रथिनाचा असेल तर दुसऱ्या दिवशी मायक्रोस्कोपखाली हिरवे ठिपके दिसतात, तो आनंद काही वेगळाच. मी मात्र एकदा ट्यूब ठेवून चहाला गेलो, गप्पा रंगल्या, तासाभराने आलो तर आत गुठळ्या. आणि एकदा पीईआय जरा सढळ हाताने पडलं, तर सकाळी सगळ्या पेशी गोल होऊन साबुदाण्यासारख्या वर तरंगत होत्या, मेलेल्या.

या पॉलिमरची खरी गोची हीच आहे. ज्या पॉझिटिव्ह चार्जमुळे तो डीएनए धरतो त्याच चार्जमुळे तो पेशीच्या पटलालाही धरतो आणि फाडतो. रक्तात तर अजून वाईट, तिथल्या निगेटिव्ह प्रथिनांना आणि तांबड्या पेशींना चिकटून गोळे होतात आणि ते फुप्फुसातल्या बारीक केशवाहिन्यांत अडकतात. बरं, पेशीने गिळलं तरी काम झालं असं नाही. गोळा जातो एन्डोसोम नावाच्या पिशवीत, ती हळूहळू आम्लधर्मी होत जाते आणि पुढे सगळं पचवून टाकते. पीईआय तिथून कसं सुटतं? यावर जुनं उत्तर असं की त्यात दर तिसरा अणू नायट्रोजनचा, ते प्रोटॉन (आम्लता आणणारे कण) शोषत राहतात, पेशी अजून प्रोटॉन आत पंप करते, पाठोपाठ क्लोराइड आणि पाणी येतं आणि पिशवी फुगून फुटते. ऐकायला झकास, पण २०१३ मध्ये डेन्मार्कच्या एका ग्रुपने आतली आम्लता मोजली तर पीईआयमुळे ती बदललेली दिसलीच नाही, तेव्हापासून भांडण चालू आहे. मला विचाराल तर पॉलिमर पिशवीच्या पटलालाच भोकं पाडत असावा हे जास्त पटतं, मोकाट असताना तो तेच तर करतो.

पुढचं संकट म्हणजे सोडणं. फार घट्ट धरलं तर डीएनए वाचलाच जात नाही, सैल धरलं तर वाटेतच सांडतो. यावर डोकं चाललंय ते असं की पॉलिमरच योग्य जागी तुटला पाहिजे. २००० मध्ये एमआयटीच्या लिन आणि लँगर यांनी एस्टर बंधांचे पॉलिमर आणले, ते पाण्यामुळे हळूहळू आपोआप तुटतात. दुसरी युक्ती गंधक-गंधक बंधाची, पेशीच्या आत ग्लुटाथायोन नावाचं छोटं रसायन बाहेरच्यापेक्षा कितीतरी पटीने जास्त असतं आणि ते हा बंध कापतं, म्हणजे कुलूप बाहेर बंद आणि आत गेल्यावरच उघडणार.

एवढं करून माणसाच्या शरीरात बाजी मारली ती दुसऱ्यांनीच. एमआरएनए लसी लिपिडवर (चरबीसारख्या रेणूंवर) बसून गेल्या, पुण्याच्या जेनोव्हा कंपनीची २०२२ ची सुद्धा. जीन थेरपीत जीन वाहून न्यायला व्हायरसच पुढे, १९९९ मध्ये अमेरिकेत १८ वर्षांचा जेसी गेल्सिंगर व्हायरस टोचल्यानंतर दगावला होता तरीही. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून आलेल्या नेक्सकार१९ या रक्ताच्या कॅन्सरवरच्या उपचारपद्धतीमध्येही, जिला २०२३ मध्ये परवानगी मिळाली, रुग्णाच्या टी-पेशीत (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीत) जीन नेतो तो लेंटिव्हायरसच.

पण हे व्हायरस येतात कुठून? त्यांचे भाग बनवणारे जीन असलेले तीन-चार प्लाझ्मिड टाकीत वाढवलेल्या मानवी पेशींत घालावे लागतात, एकाच पेशीत सगळे एकदम गेले तरच व्हायरस तयार होतो, आणि ते घालायला जगभर खूप ठिकाणी पीईआयच वापरतात. टाकीतल्या पेशी शेवटी मेल्या तरी चालतं, त्यांना नंतर फोडायचंच असतं किंवा टाकूनच द्यायचं असतं. मग व्हायरस गाळून, धुवून घेतात आणि बाटलीत भरायच्या आधी तपासतात की त्यात पीईआय उरलेलं नाही ना.